मनुक्याचे खमीर आणि तिसरा दिवस

खमिरी रोटीवर या सदरात लिहिले, त्यानंतर आलेल्या पत्रांतले एक पत्र मी बाजूला काढून ठेवले होते. भगिनी लिहितात, "मोबाईलवर पाहून मनुका पाण्यात भिजवल्या. आठवडाभर ठेवायच्या होत्या. सहाव्या दिवशी सासूबाईंनी झाकण उघडले, वास घेतला आणि बरणी मोरीत ओतली. म्हणाल्या, घरात दारू गाळतेस का? मॅडम, खरेच हे हराम आहे का?"

सासूबाईंचे नाक चुकलेले नाही, हे आधी सांगते. एप्रिलच्या उन्हाळ्यात सहा दिवस ठेवलेले मनुक्याचे पाणी दारूच्या वाटेवर बरेच पुढे गेलेले असते. पण म्हणून मनुक्याचे खमीरच वाईट, असे नाही. त्या कृतीतले दिवस थंड मुलखातले होते.

द्राक्षाच्या सालीवर डोळ्यांना न दिसणारे खमिराचे जीव बसलेले असतात. लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ साली आर्बुआ गावातल्या आपल्या मळ्यात काही वेलींवर काचघरे उभारली आणि घड कापसात गुंडाळले. त्या द्राक्षांचा रस आंबला नाही, उघड्यावरच्या द्राक्षांचा आंबला. आठवीच्या वर्गात हा प्रयोग सांगितला की नाशिक जिल्ह्यातली मुले लगेच मान डोलावतात; द्राक्षे त्यांना शिकवावी लागत नाहीत. द्राक्ष सुकले तरी यांतले काही जीव मनुक्यावर टिकून राहतात. पाणी मिळाले की जागे होतात, साखर खातात आणि दोन वस्तू सोडतात: एक वायू, जो रोटी फुगवतो, आणि दुसरा अल्कोहोल. बाजारातल्या यीस्टनेही हेच होते. पाव, नान, बन यांच्या कणकेत अल्कोहोल थोडे तयार होतेच आणि भाजताना त्यातले बहुतेक उडून जाते. गोव्याचे पोदेर तर पूर्वी पावाच्या पिठात माडाची सूर घालत. आपला प्रश्न त्यापेक्षा पुष्कळ सोपा आहे.

आता दिवसांचा हिशेब. सहीह मुस्लिममध्ये हजरत इब्न अब्बास (रजि.) यांची रिवायत आहे. प्रेषितांसाठी (स.) मनुका पाण्यात भिजवल्या जात. ते पाणी ते त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत पीत. त्यानंतर उरलेले ओतून दिले जाई. यालाच नबीज म्हणतात. खजूर आणि मनुका एकत्र भिजवण्याची मनाई करणारी हदीसही आहे आणि पुष्कळ उलेमांनी त्याचे कारण हे सांगितले आहे की अशा पाण्याला नशा लवकर चढते. मोबाईलवरच्या अनेक कृतींत दोन्ही एकाच बरणीत असतात. मी तसे करत नाही. मी मुफ्ती नाही, मसला विचारायचा तर आपल्या मौलानांना विचारा. पण स्वयंपाकघरापुरते सांगते: अरबस्तानाच्या उष्ण हवेतली ती तीन दिवसांची हद्द आपल्या येवल्याच्या उन्हाळ्याला तंतोतंत लागू पडते. खमिरासाठीही त्यापुढे थांबायची गरज नसते.

मनुका काळ्या घ्या. सांगलीकडचे पिवळे-हिरवे बेदाणे खायला उत्तम, पण ते सुकवण्याआधी तेल व पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतात आणि रंग राहावा म्हणून पुष्कळदा गंधकाची धुरी देतात. त्या धुरीत आपले जीव मरतात. तेल चोळून चमकवलेल्या मनुकाही नकोत. १०० ग्रॅम काळ्या मनुका, ३०० मिली पाणी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून उकळून गार केलेले घ्या. एक लिटरची काचेची बरणी उकळत्या पाण्याने धुवा, झाकण सैल ठेवा. घट्ट लावलेत तर वायूने बरणी फुटू शकते. सकाळ-संध्याकाळ हलवा. पारा चाळिशीकडे असला तर दुसऱ्या दिवशीच मनुका वर तरंगतात, कडेला बुडबुडे धरतात, फळासारखा गोड-आंबट वास येतो. बस, तेव्हाच गाळा. झणका नाकात जाईपर्यंत थांबू नका. हिरवी-काळी बुरशी दिसली तर वरवर काढून चालत नाही, सगळे फेकायचे.

गाळलेले पाणी १०० ग्रॅम आणि गव्हाचे पीठ १०० ग्रॅम, एवढे कालवून झाका. दुप्पट फुगले की त्यातले ५० ग्रॅम घेऊन ५० ग्रॅम पीठ व ५० ग्रॅम पाणी घाला. असे तीनदा झाले की मूळच्या मनुक्याच्या पाण्याचा अंश नावापुरता उरतो, खमीर पिठावरच जगू लागते. उरलेले पाणी मात्र कुणी पिऊ नये, मुलांनी तर नाहीच.

हिवाळ्यात येवल्यातही बुडबुड्यांना चार-पाच दिवस लागतात. तेव्हा मी पाण्याचा रस्ताच सोडते. मूठभर मनुका चिरून सैल कणकेत मळते आणि रोज थोडे पीठ-पाणी देते. वेळ जास्त लागतो, पण बरणीत दारूसारखे पाणी साठतच नाही. ज्या घरात सासूबाईंचे मन साशंक आहे, तिथे बाराही महिने हीच पद्धत बरी. आणि बरणी लपवून ठेवू नका. रोज सकाळी त्यांनाच वास घ्यायला सांगा. आंबीलाचे पीठ कधी आंबले हे ज्यांना वासावरून कळते, त्यांना हेही कळेल.

नानसाठी ४०० ग्रॅम पिठात १०० ग्रॅम खमीर, दीड चमचा मीठ आणि लागेल तसे पाणी. उन्हाळ्यात चार तास पुरतात. तंदूर नसला तर जाड लोखंडी तव्यावर, नानच्या एका बाजूला पाणी लावून चिकटवा आणि तवा आचेवर उलटा धरा. औरंगाबादच्या नान-खलियातल्या नानची सर येणार नाही, पण मटणाच्या रश्शाबरोबर दस्तरखानावर एकही उरत नाही.

खमीर फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यातून एकदा पीठ-पाणी दिले तर टिकते. सुट्टीत माहेरी जायचे असेल तर ते प्लॅस्टिकच्या कागदावर पातळ पसरून पंख्याखाली वाळवा, चुरा करून डब्यात भरा. परत आल्यावर कोमट पाण्यात भिजवून दोन-तीनदा पीठ दिले की पुन्हा फुगायला लागते.