बॉनेटवरचे नाव आणि हजेरीपटावरची नावे

ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. या जातीची शेवटची टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने तिचे आयुष्य कायद्यानेच संपले. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी काळी-पिवळीवर रकानेच्या रकाने लिहिले. एक तरी पद्मिनी जतन करून ठेवावी, अशी मागणीही झाली. आम्हांलाही ते वाचून थोडे भरून आले, हे कबूल केले पाहिजे. वकिलीच्या पहिल्या वर्षांत दादरहून भोईवाड्याच्या कोर्टात जाताना फायलींचे गठ्ठे मांडीवर घेऊन आम्ही चौघे याच टॅक्सीत दाटीवाटीने बसत होतो. परंतु ज्यांनी कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी जोडली, तिचे पत्रे ठोकले, तिला रंग दिला, त्यांच्याबद्दल या सगळ्या गहिवरात दोन ओळीही आमच्या वाचनात आल्या नाहीत. गाडीला निरोप मिळाला. कामगाराला तो कोणी दिला होता काय?

चळवळीच्या दैनिकात मोटारीवर अग्रलेख कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आमच्या वस्त्यांत मोटारी मोजक्याच आहेत, हे खरे. पण मोटारीच्या कारखान्यांत, त्यांच्या कंत्राटदारांकडे आणि सुट्या भागांच्या शेडमध्ये आमची माणसे शेकड्यांनी आहेत. कारखाना ज्या गावात असतो ते गाव त्या मोटारीला आपली म्हणू लागते. कारखाना गेला तरी लोक काही काळ त्याच नावाला धरून राहतात. बाजारवाले याला ब्रँडनिष्ठा म्हणतात, तिची पैशात किंमत करतात आणि ती विकतातही. ही निष्ठा निर्माण कोणी केली आणि तिची किंमत कोणी वसूल केली, एवढाच आमचा प्रश्न आहे.

पद्मिनीचेच पाहा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीने इटलीच्या फियाटच्या परवान्याने ही गाडी कुर्ल्यात बनवली. पुढे परवान्याचा करार संपला, गाडीचे नाव पद्मिनी झाले. पण टॅक्सीवाला शेवटपर्यंत तिला ‘फियाट’च म्हणत राहिला. मालकाने पाटी बदलली, लोकांची जीभ बदलली नाही! उत्पादन थांबल्यावरही ही गाडी रस्त्यावर टिकली ती कोणा कंपनीच्या कृपेने नव्हे. तिचे इंजिन प्रत्येक गल्लीतल्या मिस्त्रीला पाठ होते. सुटा भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारात मिळत होता, आणि बिघाड झाला तर दिवसाचा धंदा बुडत नव्हता. टॅक्सीवाल्याची निष्ठा बॉनेटवरच्या नावाशी नव्हती, ती या मिस्त्रीशी आणि या बाजाराशी होती. आमच्या मते खरी निष्ठा हीच, कारण तिला व्यवहाराचा पाया होता.

हा पाया नसला म्हणजे काय होते, याचे मोठे उदाहरण ऑस्ट्रेलियाचे आहे. तिथे ‘होल्डन’ नावाची मोटार होती. १८५६ साली ॲडलेड शहरात खोगिरे बनवण्याच्या धंद्यातून हे नाव पुढे आले आणि १९३१ साली ते अमेरिकेच्या जनरल मोटर्सच्या मालकीचे झाले. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी पंतप्रधान बेन चिफली यांच्या उपस्थितीत पहिली होल्डन मोटार जगापुढे आली आणि ती देशाची स्वतःची मोटार मानली गेली. पुढच्या काळात तिथे घराणीच वाटली गेली. हे होल्डनवाले घर, ते फोर्डवाले घर. बाप जी मोटार घेई तीच मुलगा घेई. बाथर्स्टच्या शर्यतीला दोन्ही पंथांचे लोक आपापल्या रंगाचे कपडे घालून जात. मालकी डेट्रॉइटची, निष्ठा मात्र ऑस्ट्रेलियन कामगाराच्या घामाला चिकटलेली. २००२ साली होल्डनच्या पावणेदोन लाखांहून अधिक गाड्या तिथे विकल्या गेल्या.

सरकारनेही हात आखडता घेतला नव्हता. २०१३ साली कंपनीने स्वतःच मान्य केले की, आधीच्या बारा वर्षांत तिला दोन अब्ज डॉलरहून अधिक सरकारी मदत मिळाली होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये तिने कारखाना बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. २० ऑक्टोबर २०१७ रोजी ॲडलेडजवळच्या एलिझाबेथ इथला कारखाना बंद झाला. त्या दिवशी तिथे साडेनऊशेच्या आसपास कामगार उरले होते. नाव मात्र बंद झाले नाही. सिंहाचे तेच चिन्ह, ‘कमोडोर’ हेच लाडके नाव जर्मनीत बनलेल्या गाडीला लावून विकण्यास काढले. कंपनीचा हिशेब सरळ होता. कामगार काढता येतो, गिऱ्हाइकाची माया मात्र ठेवून घेता येते. हा हिशेब चुकला. २०१९ साली विक्री ४३ हजारांवर आली आणि फेब्रुवारी २०२०मध्ये होल्डन हे नावच मोडीत काढण्याची घोषणा झाली. घसरण आधीपासूनच सुरू होती, डॉलर महाग होता, लोक उंच गाड्यांकडे वळत होते. सारे काही निष्ठेवर ढकलणे बरोबर होणार नाही. तरीही ज्या घरातला कोणी त्या लाइनवर उभा होता, त्या घराने बाहेरून आलेल्या गाडीला केवळ चिन्हाखातर आपली म्हणावे, ही अपेक्षाच उद्धटपणाची होती.

हीच कंपनी, हेच साल २०१७, आणि ठिकाण आपले तळेगाव. जनरल मोटर्सने तिथला शेव्हरोलेचा कारखाना २००८ साली सुरू केला. १८ मे २०१७ रोजी तिने जाहीर केले की, वर्षअखेरीस भारतात शेव्हरोले विकणे थांबेल. कारखाना मात्र निर्यातीसाठी चालू राहील. म्हणजे मावळातल्या पोरांनी बनवलेली बीट गाडी मेक्सिकोच्या माणसाने घ्यायची, तिच्यासाठी तळेगावात शोरूम नाही. होल्डनमध्ये नाव राहिले आणि कारखाना गेला. इथे नाव गेले आणि कारखाना राहिला, तोही तीनच वर्षे. २४ डिसेंबर २०२० रोजी शेवटची गाडी बाहेर पडली. त्यानंतर हजाराहून अधिक कामगारांना ले-ऑफ मिळाला. कारखाना आधी एका चिनी कंपनीला विकण्याचे ठरले होते, सीमेवरच्या तणावानंतर केंद्राची परवानगी मिळाली नाही. ऑगस्ट २०२३मध्ये ह्युंदाईशी करार झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कामगार आपल्या कुटुंबांसह उपोषणाला बसले होते. त्यांची मागणी काही जगावेगळी नव्हती. नव्या मालकाने आम्हांलाच कामावर घ्यावे, एवढीच होती.

विशेष म्हणजे या कंपनीने मुंबई प्रांत सोडण्याची ही पहिली वेळ नव्हे. १९२८ साली तिने शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता. सरकारने नुसती जोडणी नको, इथेच उत्पादन करा, असे धोरण आणले तेव्हा १९५४ साली तो गुंडाळला. जुन्या पिढीतल्या कितीतरी माणसांच्या तोंडी त्यानंतरही ‘शेव्हरलेट’ हा शब्द ऐटीचा म्हणून राहिला. माया इतकी वर्षे टिकते, आणि कंपनी मात्र धोरण बदलताच गाशा गुंडाळते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. व्यापारचिन्ह कायदा, १९९९च्या कलम ३८ प्रमाणे नोंदलेले चिन्ह धंद्याच्या नावलौकिकासह किंवा त्याच्याशिवायही दुसऱ्याच्या नावे करता येते. म्हणजे कारखाना इथे, कामगार रस्त्यावर आणि नाव भलत्याच्याच हाती, हे कायदेशीर आहे. हिंदुस्तान मोटर्सने बंगालमधल्या उत्तरपाडा इथे अनेक दशके ॲम्बॅसेडर बनवली. मे २०१४मध्ये तिथे काम थांबले. २०१७ साली ‘ॲम्बॅसेडर’ हे नुसते नाव फ्रान्सच्या पूजो कंपनीला ८० कोटी रुपयांना विकले गेले. त्या पैशातून कामगारांची आणि धनकोंची देणी फेडण्याचा विचार असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. विचार चांगलाच आहे. पण तो मालकाचा विचार असतो, कामगाराचा हक्क नसतो. नव्या मालकाने त्या नावाची एकही मोटार अद्याप बाजारात आणलेली नाही.

त्या ८० कोटींत कोणाचे किती होते? मंत्र्यांच्या ताफ्यांपासून कोलकात्याच्या टॅक्सीपर्यंत त्या नावाला जे वजन आले ते कामगाराच्या हातामुळे, सरकारच्या संरक्षणामुळे आणि गिऱ्हाइकाच्या सवयीमुळे. कायद्याच्या लेखी मालक मात्र एकच. कारखाना बंद झाला तर कामगाराला वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार मिळतो. औद्योगिक विवाद कायद्यात हेच होते आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तेच आहे. वीस वर्षे लाइनवर उभे राहिलेल्या माणसाच्या पदरात तीनशे दिवसांचा पगार पडतो. त्याने घडवलेल्या नावाचा एक पैसाही त्यात धरलेला नाही.

शिवाय या संहितेने आणखी एक दार उघडून दिले आहे. कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी, ही अट १९७६ साली आली तेव्हा ती तीनशे कामगारांच्या कारखान्यांना लागू होती. १९८२च्या दुरुस्तीने ती शंभरावर आणली. आता ती पुन्हा तीनशेवर नेली आहे. कंत्राटदाराच्या नावावर असलेला कामगार या मोजणीत सहसा धरला जात नाही, आणि आमची बहुतेक मुले तर कंत्राटदाराच्याच नावावर असतात. संपापूर्वीच्या नोटिशीची अट आता सगळ्याच उद्योगांना लावली गेली आहे. संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या मुंबई सरकारच्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने एक दिवसाचा संप घडवला होता. वाचकांनी ते विधेयक आणि ही संहिता शेजारी ठेवून एकदा वाचावी, आम्ही अधिक काही सांगत नाही.

खाल्ल्या मिठाला जागावे, असे आमच्या बापजाद्यांना पिढ्यान् पिढ्या सांगितले गेले. मीठ कोणाचे, हे मात्र कोणी सांगितले नाही. आज गिऱ्हाइकालाही तेच सांगितले जात आहे: तुमच्या वडिलांची गाडी आमची होती, तुम्हीही आमचीच घ्या. सामान्य माणसाने कोणत्या कंपनीची गाडी घ्यावी यात आम्ही पडत नाही. ज्याचा मिस्त्री जवळ आणि सुटा भाग स्वस्त, ती त्याने घ्यावी. पण मालक त्या मायेचा पैसा करणार असेल, तर कामगाराचा त्यावर पहिला हक्क असला पाहिजे.

यासाठी नवा मोठा कायदा लागत नाही. चिन्ह दुसऱ्याच्या नावे झाले की कलम ४५ प्रमाणे त्याची नोंद निबंधकाकडे करावी लागते. बंद कारखान्याच्या चिन्हाची अशी नोंद करण्यापूर्वी कामगारांची सर्व देणी फेडल्याचा कामगार आयुक्तांचा दाखला जोडावा, अशी दुरुस्ती संसदेने करावी. शेव्हरोलेसारखे नाव मालक विकत नाही, सोबत घेऊन जातो, मग तिथे काय, असे कोणी विचारील. तिथे जमीन मागे राहते. तळेगावात विकली गेली ती जमीन, इमारत आणि काही यंत्रसामग्री. चालता उद्योग म्हणून हस्तांतर झाले असते तर सलग सेवेचा मुद्दा कामगाराला मांडता आला असता; नुसती मालमत्ता विकली की तो मुद्दाच अडचणीत येतो. पण एमआयडीसीचा भाडेपट्टा महामंडळाच्या संमतीशिवाय दुसऱ्याच्या नावे होत नाही. ही जमीन शेतकऱ्याकडून सार्वजनिक कामासाठी म्हणून घेतलेली असते. संमती देताना जुन्या कामगारांना नव्या कारखान्यात प्राधान्य देण्याची अट घालण्यापासून महामंडळाला कोणी अडवले आहे?

गुंतवणूकदार पळून जातील, हे उत्तर आम्हांला पाठ आहे. ऑस्ट्रेलियाने दोन अब्ज डॉलर मोजले, तरी ते गेलेच. तळेगावच्या त्या कारखान्यातून आता ह्युंदाईच्या गाड्या बाहेर पडू लागल्या आहेत. फाटकावरची पाटी नवी आहे, आणि जुन्या हजेरीपटावरचे कामगार चाकण-रांजणगावच्या कंत्राटदारांकडे नव्याने आधार कार्डाच्या झेरॉक्स देत फिरत आहेत. त्यांच्यापैकी जे अजून न्यायालयाच्या तारखा मोजत आहेत, त्यांच्यासोबत कामगार संघटनांनी आणि आमच्या वकील बांधवांनी उभे राहावे.