चवदार तळ्यावर जाणारे आपण, तरणतलावावर का जात नाही?



गेल्या तीन उन्हाळ्यांपासून आम्ही कल्याण पूर्वेतल्या वस्त्यांमधल्या मुलामुलींचा एक जलतरण संघ चालवतो. (संघ हा शब्द ऐकला की काही कार्यकर्ते दचकतात. शब्द बुद्धाचा आहे, आपण तो सोडायचे काही कारण नाही.) वार्षिक परीक्षा संपल्या की सुरू, जूनमध्ये शाळा उघडल्या की बंद. या कामावर टीका झाली ती बहुतेक आपल्याच माणसांकडून. आरक्षण धोक्यात आहे, शिष्यवृत्त्या रखडल्या आहेत, संविधानावर उघड हल्ले होत आहेत, आणि तुम्ही पोरांना पोहायला कसले नेता? पोहणे हे पैसेवाल्यांचे चोचले आहेत, असेही एका ज्येष्ठांनी भर बैठकीत सुनावले. ते चोचले कसे झाले आणि कोणी केले, हा आमचा मुद्दा आहे.

20 मार्च 1927 ही तारीख आपल्या लहान मुलांनाही पाठ असते. त्या आधीची चार वर्षे मात्र आपण भाषणात गाळतो. 4 ऑगस्ट 1923 रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला आणि सरकारी पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. 1924 मध्ये महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. म्हणजे चवदार तळे कागदावर तेव्हाच आपले झाले होते. पण पाण्यापर्यंत पाय पोहोचायला बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन चालत जावे लागले. नंतर सवर्णांनी 108 घागरी पाणी उपसून, त्यात शेण-गोमूत्र घालून तळ्याचे शुद्धीकरण केले. 4 ऑगस्ट 1927 ला नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेले आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल लागला तो 17 मार्च 1937 रोजी. ठरावापासून हक्कापर्यंत 13 वर्षे गेली. 'सर्वांसाठी खुले' अशी पाटी लावल्याने काही खुले होत नाही, हे महाडने शिकवले आहे.

आता संविधानाचे कलम 15(2) काढून पाहा. शासनाच्या पैशातून पूर्णतः किंवा अंशतः चालणाऱ्या विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून आडकाठी करता येणार नाही. ठाण्यातला मारोतराव शिंदे तरणतलाव, कळव्यातला यशवंत रामा साळवी तरणतलाव, डोंबिवलीच्या सावळाराम महाराज क्रीडा संकुलातला तलाव हे सगळे सार्वजनिक पैशातून उभे राहिलेले तलाव आहेत. आपल्या आईबापांनी भरलेला कर त्यात आहे. शहर झाडून काढणाऱ्या आपल्या माणसांचा घामही आहे. तरी वस्तीतल्या दहा घरांत विचारा, यातल्या एका तरी तलावाच्या पाण्यात घरातले कोणी उतरले आहे का?

इथे समाजशास्त्राचे चार शब्द बोलावेच लागतील. मराठी माणसाच्या बालपणीच्या आठवणी वाचा. आजोळ, आंब्याची अढी आणि विहीर ठरलेली. पाठीला रिकामा डबा किंवा वाळका भोपळा बांधून काकाने विहिरीत ढकलले आणि मी पोहायला शिकलो, असे आपण शेकडो वेळा वाचले आहे. मग ज्या मुलाच्या सावलीनेही ती विहीर बाटत होती, त्याला कोणता काका कुठे ढकलणार होता? आपल्या वाट्याला नदीचा खालचा पाणवठा होता, जिथे वरच्या वस्तीचे धुणे आणि गुरे धुतलेले पाणी वाहून यायचे. त्यातही काही जण पट्टीचे पोहणारे निघाले, हे खरे. पण बापाने लेकराला पोहायला शिकवायचे, ही रीतच पिढ्यान्‌पिढ्या तुटलेली राहिली. पोहता न येणे हा आपल्या लोकांचा स्वभाव नाही. विहीरबंदीची ती थकबाकी आहे. गाव सोडून कारखान्यांच्या ओढीने अंबरनाथ, कल्याण, वागळे इस्टेटला आलो, तेव्हा ती थकबाकी बोचक्यात बांधून सोबत आणली.

शहरात ती थकबाकी जीव देऊन फेडावी लागते. दर मे महिन्यात कल्याण, टिटवाळा, बदलापूर परिसरातल्या बातम्या पाहा. उल्हास नदीत, काळू नदीत, बंद पडलेल्या दगडखाणीच्या पाण्यात मुले बुडालेली असतात. मथळा ठरलेला, पोहण्याचा मोह जिवावर बेतला. मोह! पत्र्याच्या घरात दुपारी पंख्याखालीसुद्धा अंग भाजते, लाईट गेलेली असते, आणि चौदा वर्षांचा पोरगा पाण्याकडे जातो, याला मोह म्हणायचे. सोसायटीतला त्याच्याच वयाचा मुलगा क्लब हाऊसच्या निळ्या पाण्यात उतरला, तर त्याला समर कॅम्प म्हणायचे. पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि फाईल मिटते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांप्रमाणे अलीकडच्या वर्षांत देशात दरवर्षी 35 हजारांहून अधिक माणसे अपघाताने बुडून मरतात. मेलेल्यांची जात त्यात लिहिलेली नसते. वस्तीत ती लिहून ठेवायची गरज पडत नाही.

आणि पाणी नेहमी आपण त्याच्याकडे गेल्यावरच भेटते असेही नाही. 26 जुलै 2005 ला ते आपल्या घरात आले होते. वालधुनीच्या काठावर कोण राहते? टेकडीवर कोण राहते? जागतिक आरोग्य संघटना शाळकरी मुलांना पोहण्याचे आणि पाण्यातल्या सुरक्षिततेचे मूलभूत शिक्षण द्या म्हणून सांगते, 2021 पासून संयुक्त राष्ट्रे 25 जुलै हा बुडण्याच्या प्रतिबंधाचा दिवस पाळतात. आपल्या महापालिका शाळांच्या वेळापत्रकात पोहण्याचा तास तुम्ही कधी पाहिला आहे का?

आता तलावाच्या दारात काय होते ते सांगतो. जात विचारणारा तिथे कोणी नसतो. ऑनलाईन फॉर्म असतो, तो काही तासांत भरतो. अनामत रक्कम असते. डॉक्टरचा दाखला लागतो. नायलॉनचा पोशाख, टोपी, गॉगल लागतो. पोशाखाचा नियम बरोबरच आहे, सुती कपडा पाण्यात जड होतो आणि त्याचे धागे फिल्टरमध्ये जातात. पण हे सगळे एका मुलासाठी जमवायचे म्हणजे धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या आईची कित्येक दिवसांची कमाई. तिला दोन मुले असली तर एकालाच पाठवते, आणि तो बहुधा मुलगा असतो. नियम सर्वांना सारखा आहे, असे खिडकीवरचा माणूस सांगतो. महाडच्या तळ्यावरही नियम सर्वांना सारखाच होता म्हणायचा, फक्त आपण 'सर्वां'त नव्हतो.

आम्ही वर्गणी काढली, उल्हासनगरच्या बाजारातून घाऊक भावात पोशाख आणले, दाखल्यांसाठी आपल्याच एका डॉक्टर भावाने वेळ दिला. मुलांना श्वास सोडायला विहारात बादलीत तोंड बुडवून शिकवले आणि बाकावर पालथे झोपवून पाय मारायला. एवढे करून एका तलावावर बॅच मागितली. तलावाचे नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका तलावाचा नाही. बॅच मिळाली ती दिवसातली शेवटची. सकाळची मागितली तेव्हा कळले की आधीच्या बॅचमधल्या काही पालकांचे म्हणणे आहे, वस्तीतली मुले उतरली की पाणी खराब होते. शेवटी उतरवले की रात्री फिल्टर चालतो, मग सकाळी पाणी स्वच्छ.

वाचलेत ना नीट? आम्ही उतरल्यावर पाणी शुद्ध करायचे. 1927 ला घागरी होत्या, आता फिल्टर आहे. गोमूत्राच्या जागी क्लोरीन आले.

यावर आम्हाला सांगण्यात आले की यात जातीचा काही संबंध नाही, स्वच्छतेचा आहे. मग स्वच्छतेचेच बोलू. तलावाच्या पाण्यावर भार पडतो तो किती अंगे उतरली, किती घाम, किती तेल, किती लघवी पाण्यात गेली यावर. म्हणून उतरण्याआधी अंघोळ सगळ्यांना सक्तीची असते. आमची मुले रांगेने शॉवरखालून जायची, कारण आम्ही उभे राहून पाहायचो. आधीच्या बॅचमधली कितीतरी गोरीगोमटी अंगे डोक्याला तेल आणि तोंडाला क्रीम फासून शॉवर चुकवून थेट उडी मारताना आम्ही पाहिली. त्यांच्यासाठी वेगळी बॅच कोणी मागितली नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. इंग्रजी अमलात ब्रीच कँडीचा तरणतलाव युरोपियनांसाठी राखीव होता, चौपाटीजवळच्या तरणतलावाच्या नावात 'हिंदू' आहे. अमेरिकेत 27 जुलै 1919 ला शिकागोत युजीन विल्यम्स नावाचा 17 वर्षांचा काळा मुलगा पोहताना गोऱ्यांच्या किनाऱ्याकडे सरकला, वरून दगडफेक झाली आणि तो बुडाला. पुढच्या दंगलीत 38 माणसे मेली. 18 जून 1964 ला फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीन येथे काळे आणि गोरे कार्यकर्ते मिळून मोटेलच्या तलावात उतरले, तेव्हा मालकाने पाण्यात ॲसिड ओतले. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराने तर काळ्यांना सोबत घ्यावे लागेल म्हणून सार्वजनिक तलावच बंद केले, आणि 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते चालवून घेतले. सर्वांसाठी बंद म्हणजे भेदभाव नाही, हा युक्तिवाद! ऐन उन्हाळ्यात 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी लागते आणि नंतर तलाव ठेकेदाराकडे जातो, तेव्हा आम्हाला जॅक्सन आठवते. ज्यांच्या सोसायटीत दुसरा तलाव आहे त्यांना त्या पाटीने काय फरक पडतो?

त्याच 1971 च्या सुमारास फिलाडेल्फियात जिम एलिस या काळ्या शिक्षकाने शहराच्या मनोरंजन केंद्रातल्या तलावावर वस्तीतल्या पोरांचा संघ उभा केला. पीडीआर हे त्याचे नाव. त्यातली मुले ऑलिंपिकच्या निवड चाचणीपर्यंत गेली. 1972 मध्ये आपल्याकडे पँथर उभी राहिली ती काळ्यांच्या पँथरवरून नाव घेऊन. त्यांच्याकडून मोर्चा आणि कविता आपण घेतली. तलाव घ्यायचा राहून गेला.

आता जे म्हणतात की शिक्षण आधी, बाकी नंतर, त्यांना विचारायचे आहे. दहावी-बारावीला क्रीडा गुण कोणाला मिळतात? सरकारी नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणावर कोण बसते? ते प्रमाणपत्र स्पर्धेतून येते, आणि शालेय स्पर्धेत प्रवेश शाळेमार्फत होतो. आमच्या संघातली मुले पाच वेगवेगळ्या शाळांत शिकतात. त्यातल्या बहुतेक शाळांनी जलतरणात कधी नावच पाठवलेले नाही, म्हणून मुलगा कितीही वेगाने पोहला तरी तो जिल्ह्याच्या यादीत नसतो. ठाण्याची मुले धरमतर ते गेटवे हे 36 किलोमीटरचे सागरी अंतर पोहतात, पेपरात फोटो येतात. आम्हाला त्यांचे कौतुकच आहे. पण याला कोणी निव्वळ गुणवत्ता म्हणू लागले, तर त्या गुणवत्तेला सकाळी सहाची बॅच मिळाली होती, हेही लिहा.

मुलींबद्दल स्वतंत्र बोलायला हवे. सुरुवातीला आया म्हणाल्या, असले अंगाला चिकटणारे कपडे आमच्या पोरी घालणार नाहीत. आम्ही वाद घातला नाही. पूर्ण बाह्यांचे, घोट्यापर्यंतचे नायलॉनचे पोशाख आणले आणि आयांनाच काठावर बसवले. डिसेंबर 1927 मध्ये महाडलाच बाबासाहेबांनी बायकांना नेसण्याची पद्धत बदलायला सांगितली होती, कारण त्यांच्या लुगड्यावरूनच त्यांची जात ओळखली जात होती. कपडा हा त्यांच्यासाठी हक्काचा प्रश्न होता. दुसऱ्या वर्षी मुली मुलांपेक्षा जास्त आल्या, आणि काठावरच्या दोन आया आता विचारतात, आमची बॅच कधी?

आणि आपल्या मंडळांना एक रोखठोक सांगणे. उन्हाळी बॅचचे फॉर्म निघतात त्याच महिन्यात आपली जयंती असते. एका रात्रीच्या डीजेच्या पैशात एका वस्तीची अख्खी बॅच दोन महिने पोहते, हा हिशेब आम्ही करून पाहिलेला आहे. जयंती करू नका असे कोण म्हणतो? वाजवा, पण दोन बॉक्स कमी वाजवा. अर्थात वर्गणीवर हे कायम चालवणे आम्हाला मान्य नाही. महाडला बाबासाहेबांनी वर्गणी काढून वेगळी विहीर खणली नाही. महापालिकेच्या तलावात महापालिका शाळेच्या मुलांना विनाशुल्क बॅच मिळालीच पाहिजे, आणि ती सकाळची.

कल्याण-डोंबिवलीत 2020 च्या नोव्हेंबरनंतर कित्येक वर्षे निवडून आलेली सभा नव्हती, सगळे प्रशासकाच्या सहीने चालले, त्यामुळे जाब विचारायलाही समोर कोणी नव्हते. त्याने आपली सवय मोडली. ती परत लावू. प्रत्येक वस्तीतून एक माहिती अधिकाराचा अर्ज गेला पाहिजे. त्यात विचारा: गेल्या पाच वर्षांत तलाव किती दिवस बंद होता आणि कोणत्या कारणाने, ठेका कोणाला, कोणत्या अटींवर, सवलतीच्या दरातले सदस्य किती, महापालिका शाळांतले विद्यार्थी किती, बॅचच्या वेळा कोण ठरवते. अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही लागत नाही, कार्डाची प्रत जोडा. 30 दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील. अर्जाचा नमुना आमच्याकडे तयार आहे. तो घ्यायला रविवारी सकाळी विहारात या, मुले तेव्हा बाकावर पाय मारत असतात.