पदाच्या डोक्यावरची ओळ

व्हायोलिन खांद्याला लावून एखाद्याने स्कॉटलंड-आयर्लंडच्या चालींत अमेरिकी लोकगीतांचा ढंग मिसळला आणि त्यावर स्वतःचे शब्द बसवले, की आपल्या मराठी मंडळींत दोनच शेरे ऐकू येतात. एक, ‘ही चाल आपली नव्हे.’ दुसरा, ‘काय झकास फ्यूजन आहे!’ पहिल्यात अज्ञान आहे, दुसऱ्यात आळस. कोलकात्यात राहून तरी असं बोलायला कोणाची जीभ रेटू नये.

स्कॉटलंडच्या पर्थशर भागात अठराव्या शतकात नील गाउ नावाचा नामांकित व्हायोलिनवादक होता. तिकडे या वाद्याला फिडल म्हणतात, आणि फिडलवाला म्हणजे गावच्या नाचाचा आधार. गाउने १७८८ साली छापलेल्या संग्रहात एक चाल आहे. पुढे तिच्यावर रॉबर्ट बर्न्सने डून नदीच्या काठचं विरहगीत बसवलं. ही चाल मुळात सुचली कोणाला, हेही बर्न्सने एका पत्रात लिहून ठेवलं आहे : एडिंबराच्या जेम्स मिलर नावाच्या गृहस्थाला. फक्त काळ्या पट्ट्यांवर बोटं ठेव आणि ताल धर, स्कॉटिश गाणं आपोआप निघेल, असा सल्ला त्याला म्हणे कोणी गमतीने दिला होता. वाचकांपैकी कोणाच्या घरी पेटी असेल तर काळी तीन षड्ज धरून नुसत्या काळ्या पट्ट्या वाजवून पाहावं. भूप निघेल.

आता हीच चाल बंगालमध्ये कशी आली ते पाहा. १८७८ साली सतरा वर्षांचे रवींद्रनाथ विलायतेला गेले. जाण्याआधी ते मुंबईत आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी राहिले होते, हे आपण मराठी माणसं अभिमानाने सांगतो. परतताना ते आयरिश आणि स्कॉटिश गाणी गळ्यात घेऊन आले, हे मात्र सांगायचं राहून जातं. १८८२च्या ‘कालमृगया’त त्यांनी बर्न्सच्या त्या चालीवर ‘फुले फुले ढले ढले’ लिहिलं. आज बंगाली घरातलं पोर ते गातं आणि त्यात परकं काही आहे असं कोणाला वाटत नाही. वाटेल कसं? शब्द चालीत असे विरघळले आहेत की सांधा सापडत नाही. परीक्षा करायची तर तिथे करावी. चाल कुठल्या गावची, यावरून गाण्याची मातृभाषा ठरत नसते.

अमेरिकेकडूनही असंच आलं. बॉब डिलनच्या ‘ब्लोइंग इन द विंड’ची चाल गुलामगिरीच्या काळातल्या कृष्णवर्णीयांच्या ‘नो मोअर ऑक्शन ब्लॉक’ या गाण्यातून आलेली, आणि हे डिलनने स्वतः कबूल केलं आहे. ते गाणं सुमन चट्टोपाध्याय, म्हणजे आजचे कबीर सुमन, यांनी बंगालीत आणलं. लिलावाच्या चौथऱ्यावरून निघालेली चाल कोलकात्यापर्यंत आली.

तेव्हा मिसळण्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पुसण्याबद्दल.

रवींद्रनाथांनी पुसलं नाही. ‘वाल्मीकि-प्रतिभा’तल्या दरोडेखोरांच्या गाण्यांना विलायती चाली लावल्या आणि वनदेवीच्या विलापाला आयरिश, हे त्यांनीच आठवणींत सांगितलं आहे. दुसऱ्या गाण्यावरून बेतलेल्या अशा गाण्यांना बंगालीत ‘भांगा गान’ म्हणतात, म्हणजे मोडून घडवलेलं गाणं. इंदिरादेवी चौधुराणींनी त्यांची नोंद करायला आख्खं पुस्तक खर्ची घातलं. गंमत अशी, की अशा मिसळीतून जन्मलेल्या संगीताचे पुढे पहारेकरी झाले. विश्वभारतीच्या संगीत मंडळाने १९६०च्या दशकात देवव्रत विश्वासांच्या ध्वनिमुद्रणांवर वाद्यमेळ फार झाला म्हणून हरकती घेतल्या, आणि अखेर त्या थोर गायकाने रवींद्रसंगीत ध्वनिमुद्रित करणंच सोडलं. उसनं घेऊन बांधलेल्या घरावर सोवळ्याची पाटी!

आपल्याकडची गोष्ट तर याहून बोलकी आहे. ‘वाल्मीकि-प्रतिभा’चा प्रयोग जोडासाँकोत झाला १८८१च्या फेब्रुवारीत. त्याच्या चारच महिने आधी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं होतं. त्यात साकी, दिंडी, लावणी, कानडी चाली, सगळं होतं. पण जुनी संगीत नाटकांची पुस्तकं उघडा : पदाच्या डोक्यावर बारीक टायपात ‘चाल’ म्हणून ओळ असते आणि पुढे मूळ गाण्याचा मुखडा. कुठून घेतलं ते छापून मोकळे. त्यात कोणाची प्रतिष्ठा गेली नाही. ती ओळ आपण गमावली आणि तिच्या जागी एक गुळगुळीत शब्द आणला : ‘पारंपरिक’. बंगालीत त्याचा भाऊ आहे, ‘प्रचलित’.

या शब्दाने काय होतं ते बीरभूमच्या रतन काहारांना विचारावं. त्यांनी १९७२ साली रचलेलं ‘बड़ो लोकेर बिटी लो’ १९७६मध्ये स्वप्ना चक्रवर्ती यांच्या आवाजात घरोघरी पोचलं आणि लोकांच्या लेखी ते लोकगीत होऊन बसलं. २०२०मध्ये त्याचे बोल ‘गेंदा फूल’ या हिंदी गाण्यात वाजले, तेव्हा श्रेयनामावलीत काहार नव्हते. ओरड झाल्यावर गायक बादशाहने त्यांना पैसे पाठवले. २०२४मध्ये पद्मश्री मिळाली. गाणं रचणारा हयात, पत्ता ठाऊक, आणि तरीही ‘लोक’ म्हणून मोकळं होता येतं. मग दीडशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या फडातल्या गाणारणीची काय कथा?

‘लोकसंगीताला कर्ता नसतो’ हे वाक्य मोठ्या प्रेमाने उच्चारलं जातं. ते बहुतेक वेळा घेणाऱ्याच्या सोयीचं असतं. लालन फकीर शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालतो. होनाजी घालतो, राम जोशी घालतो. या माणसांनी सह्या केल्या होत्या. त्या कापून गाणं ‘जनतेचं’ कोणी केलं?

म्हणून व्हायोलिनवर आयरिश नाच आणि बाउलाची ओळ एकत्र बांधणाऱ्या गीतकाराने ‘आपलं’ आणि ‘परकं’ याची काळजी सोडून द्यावी, आणि कार्यक्रमात गाण्याआधी दोन वाक्यांत चाल कोणाची ते सांगावं. ध्वनिफितीच्या माहितीत लिहावं. जागा नाही ही सबब चालायची नाही. शिशाचे खिळे जुळवणाऱ्यांना ती जागा सापडत होती. आणि ‘पारंपरिक’ लिहिण्यापूर्वी मूळ गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत ऐकावं. पुष्कळदा नाव तिथेच असतं.