पायातल्या गाठीवर बिबा नको, कापायची घाईही नको

तळपायाच्या कमानीत, आतल्या बाजूला, घट्ट गाठ हाताला लागते. वरची कातडी नेहमीसारखीच असते. बांधावरून चालताना दगड नेमका त्या जागी आला की कळ मस्तकात जाते. महाड तालुक्यातल्या तळीयेत, आसपासच्या वाड्यांवर किंवा पोलादपूरच्या डोंगरगावांत अशी गाठ घेऊन कोणी लावणी उरकत असेल, तर हे त्यांच्यासाठी.

२२ जुलै २०२१ च्या दरडीत तळीयेने ८० हून अधिक माणसं गमावली. त्यापुढे पाय दुखतो म्हणून काय सांगायचं, असं मनात येणारच. तरीही सांगा. पाय चुकवत चाललं की पुढे गुडघा आणि कंबरही धरते, आणि भातशेती सगळी पायांवर आहे.

तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक चिवट पट्टा असतो. पायाची कमान तोच तोलून धरतो. त्यातले तंतू वाढून ही गाठ होते. जर्मन शल्यविशारद गेओर्ग लेडरहोज यांनी १८९४ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. डॉक्टर गाठीला प्लांटर फायब्रोमा म्हणतात. हा कर्करोग नव्हे. काहींच्या तळहातातही अशाच गाठी येऊन बोटं आखडतात, म्हणून हातही दाखवा. मधुमेह असेल तर तोही सांगा.

कुरूप समजून तिच्यावर बिबा घालू नका. कुरूप कातडीचं असतं, ही गाठ खोल असते. बिब्याने कातडी भाजेल, मधुमेह्याची जखम चिघळेल आणि गाठ तिथेच राहील. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांच्या कामामुळे विंचूदंशाचे रुग्ण दवाखान्यात येऊन वाचू लागले. पायाच्या गाठीलाही दवाखान्याचाच रस्ता धरा. महाड किंवा पोलादपूरच्या सरकारी रुग्णालयात हात लावून तपासतील, गरज वाटली तर सोनोग्राफी सांगतील. गाठ झपाट्याने वाढत असेल, रात्री ठणकत असेल, पाय बधिर असेल किंवा तिला भोक पडून पू आणि दाणे येत असतील, तर एक दिवसही थांबू नका. ते दुखणं वेगळं असू शकतं.

साधी गाठ दुखत नसेल तर तिला काहीच करावं लागत नाही. दुखत असेल तर आधी तिच्यावरचा दाब काढायचा. पातळ, कडक प्लास्टिकची चप्पल सोडा. मऊ एमसीआर रबराची चप्पल घ्या, किंवा चांभाराकडून जाड, मऊ सुकतळा करून गाठीखाली तेवढाच खळगा कापून घ्या. अनेकांना एवढ्यानेच चालणं सुसह्य होतं, आणि खर्च सगळ्यांत कमी. भिंतीला हात टेकून पोटरी ताणण्याचा व्यायाम रोज करा. त्याने गाठ विरघळत नाही, पण पट्ट्यावरचा ताण हलका होतो. गाठ जोराने चोळू नका. वेदनाशामक गोळ्या मनाने महिनोन्महिने खाऊ नका, पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडू शकतात.

तरीही सोसवेना तर डॉक्टर स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवतील. कळ कमी होते, गाठ काही वेळा मऊ पडते, पण ती पुन्हा वाढू शकते. वारंवार घेतलं तर पट्टा फाटायची भीती असते, आणि मधुमेह्यांची साखर काही दिवस चढते. शॉकवेव्ह यंत्राने काहींची वेदना उतरते, गाठीचा आकार मात्र फारसा बदलत नाही. नेदरलँड्समधल्या चाचणीत खऱ्या आणि लटक्या किरणोपचाराची तुलना झाली. वर्षभराने खरे किरण मिळालेल्यांची वेदना कमी होती. हा उपचार मोठ्या शहरातच मिळेल, शिवाय फेऱ्या बऱ्याच, म्हणून तो पुढचा विचार. वेरापामिल या औषधाच्या मलमाचा पुरावा तोकडा आहे. त्यासाठी कर्ज काढू नका.

शस्त्रक्रिया सगळ्यांत शेवटी. नुसती गाठ कापली तर ती निम्म्याहून अधिक जणांत परत आल्याचं नोंदलं गेलं आहे. वर तळव्याची जखम भरेपर्यंत कित्येक आठवडे शेत बंद.

दाखवायला जाताना रोजची जुनी चप्पलच घालून जा. ती कुठे झिजली आहे, यावरून तुमच्या पायाचा भार कुठे पडतो ते डॉक्टरांना कळेल.