थकलेले आणि खचलेले

थकणे आणि खचणे ही दोन क्रियापदे मराठी माणूस बहुधा जोडीनेच वापरतो. बोलण्यात त्याने फारसे बिघडत नाही. दवाखान्यात मात्र बिघडते. सहा-सहा महिने अंथरूण न सुटलेल्या आणि रक्तलघवीच्या साऱ्या तपासण्या निर्दोष आलेल्या रुग्णाला ‘तुम्हाला काही झालेले नाही, मन रमवा, थोडे हिंडा-फिरा’ असे सांगून वाटेला लावले जाते, तेव्हा एका व्याधीचा उपचार दुसऱ्या व्याधीवर लादला जात असण्याचा संभव असतो. नैराश्याच्या रुग्णाला हा सल्ला काही अंशी उपयोगी पडतो. ज्या व्याधीला वैद्यकशास्त्र ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ अथवा ‘मायाल्जिक एन्सेफेलोमायलायटिस’ म्हणते, तिच्या रुग्णाला तोच सल्ला कित्येक आठवडे मागे लोटू शकतो.

या घोटाळ्याला इतिहास आहे. १९५५ च्या जुलैमध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात एका अज्ञात आजाराची साथ उसळली. सुमारे तीनशे जण आजारी पडले. त्यांत भरती झालेले रुग्ण थोडे आणि डॉक्टर, परिचारिका व इतर कर्मचारीच फार. रुग्णालय ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवावे लागले. पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने अशा आजाराला मायाल्जिक एन्सेफेलोमायलायटिस हे नाव सुचविले आणि १९६० च्या दशकाअखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने त्याची नोंद मज्जासंस्थेच्या विकारांत केली. तथापि १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुनी कागदपत्रे चाळून, रुग्णांपैकी एकालाही न तपासता, हा सामूहिक उन्मादाचा प्रकार असल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. आजारी पडलेल्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक होते, हा त्यांच्या युक्तिवादातील एक आधार! या निष्कर्षाने रुग्णांच्या कपाळी जो शिक्का मारला, तो पुसण्यास पुढची अनेक दशके पुरली नाहीत. १९८८ मध्ये अमेरिकेत ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ हे नाव रूढ झाले, त्यानेही भर घातली. थकवा कोणाला येत नाही?

वस्तुतः दोन्ही व्याधींत थकवा असला, झोप बिघडत असली आणि चित्त एकाग्र होत नसले, तरी त्यांचा गाभा वेगळा आहे. नैराश्यात इच्छेचाच झरा आटतो. आवडीच्या गोष्टींत गोडी उरत नाही, स्वतःविषयी अपराधी भावना दाटते आणि मरणाचे विचार घेरू लागतात. दुसऱ्या व्याधीत इच्छा शाबूत असते, शरीर साथ देत नाही. ‘उद्या बरे झालात तर काय कराल?’ हा प्रश्न काही अनुभवी डॉक्टर मुद्दाम विचारतात. या व्याधीचा रुग्ण लगेच कामांची यादी सांगू लागतो, खोल नैराश्यात असलेल्याला बहुधा एकही गोष्ट सुचत नाही. ही कसोटी अचूक नव्हे, पण पुष्कळ काही सांगून जाणारी आहे.

याहून महत्त्वाची खूण म्हणजे श्रमानंतरची घसरण. जिना चढणे, तासभर वाचन करणे, पाहुण्यांशी बोलत बसणे अशा क्षुल्लक श्रमानेही या रुग्णांची प्रकृती ढासळते, आणि तीही लगेच नव्हे, तर बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी. त्यामुळे कारण व परिणाम यांचा संबंध रुग्णाच्याही ध्यानात येत नाही. सलग दोन दिवस सायकलवर श्रमचाचणी घेतली असता यांतील अनेकांची क्षमता दुसऱ्या दिवशी घटलेली आढळते. बराच वेळ उभे राहिले की भोवळ येणे आणि आठ तास झोपूनही ताजेतवाने न वाटणे, ही इतर लक्षणे. पुष्कळांचा आजार विषाणुसंसर्गानंतर सुरू होतो. २०२० नंतर कोविडमधून उठलेल्या काही रुग्णांतही हेच चित्र दिसले. नैराश्यावरील फ्लुओक्सेटिन हे औषध नेदरलँड्समध्ये या रुग्णांना देऊन पाहिले गेले. १९९६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. थकवा त्याने हटला नाही.

भेद न ओळखण्याची किंमत काय, हे ब्रिटनने पाहिले आहे. तेथे सरकारी पैशाने ६४१ रुग्णांवर झालेल्या ‘पेस’ चाचणीचा अहवाल २०११ मध्ये आला. क्रमाने वाढविलेला व्यायाम आणि विचारपद्धती बदलणारी मानसोपचारपद्धती यांनी रुग्ण सुधारतात, असा तिचा दावा होता. पुढे असे दिसले की शारीरिक क्षमतेच्या मोजपट्टीवर ६५ गुणांपर्यंतचा मनुष्य चाचणीत घेण्याइतका आजारी ठरत होता आणि ६० गुण मिळविणारा त्याच मोजपट्टीपुरता ‘बरा’! म्हणजे प्रकृती किंचित बिघडूनही बरे होण्याची सोय होती. मूळ आकडेवारी मिळविण्यासाठी न्यायाधिकरणापर्यंत जावे लागले, ती २०१६ मध्ये खुली झाली आणि ‘बरे झालेल्यां’ची संख्या बरीच खाली आली. अखेर २०२१ मध्ये ‘नाइस’ या तेथील शासकीय मार्गदर्शक संस्थेने या रुग्णांसाठी वाढत्या व्यायामाची शिफारस मागे घेतली.

असे असले तरी रुग्णांच्या बाजूनेही एक चूक होते. ‘मला नैराश्य नाही, मला खराच आजार आहे,’ या वाक्यात नैराश्य हा खोटा आजार असल्याचे गृहीत धरलेले असते. नैराश्यही माणसे मारते. शिवाय नोकरी सुटलेल्या, घरच्यांचा विश्वास गमावलेल्या थकव्याच्या रुग्णाला नैराश्य येणे मुळीच दुर्मीळ नाही. दोन्ही व्याधी एका देहात नांदू शकतात आणि तेव्हा दोहोंचाही उपचार करावा लागतो. एकीचे निदान झाले म्हणून दुसरीची शक्यता मोडीत काढता येत नाही.

आपल्याकडे तर थकवा दिसला की प्रथम रक्तक्षय आठवतो. गोव्यात सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. त्यांतील १२ टक्के स्त्रियांनी दीर्घकाळच्या थकव्याची तक्रार केली होती. त्या तक्रारीचा संबंध हिमोग्लोबिनशी आढळला नाही. मनःस्वास्थ्य आणि पतीकडून होणारा छळ यांच्याशी आढळला. ही तक्रार म्हणजे वर वर्णिलेली व्याधी नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. लोहाच्या गोळ्यांनी न शमणारा थकवाही एकाच जातीचा नसतो, एवढे मात्र तीतून दिसते.

दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याच्या परिशिष्टात मज्जासंस्थेच्या दीर्घकालीन विकारांची उदाहरणे म्हणून मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन यांचा उल्लेख आहे, मानसिक आजारही आहे. या व्याधीचे नाव नाही. सोमवारी दोन तास घेऊन मंगळवार-बुधवार उठू न शकणाऱ्या शिक्षिकेने रजेच्या अर्जावर मग काय लिहावे? ‘अशक्तपणा’ लिहिले तर मुख्याध्यापक हसतात. ‘नैराश्य’ लिहिले तर रजा कदाचित मिळेल. परंतु पुढच्या वैद्यकीय तपासणीत, नैराश्याची औषधे घेऊनही आपण कामावर का येत नाही, याचे उत्तर तिलाच द्यावे लागेल.