बसऱ्याला गेलेले

सातारा-रत्नागिरीकडच्या काही जुन्या गावांत चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी असते. दर दिवाळीच्या रंगरंगोटीत तिची थोडी अक्षरं बुजत जातात. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके लोक गेले, त्यांतले इतके कामी आले, एवढाच तिचा मजकूर. गाव बदललं तरी मजकूर तोच, आकडे तेवढे वेगळे. नाव मात्र कुणाचंच नाही.

हे लोक गेले कुठं? मराठा पलटणींतले पुष्कळसे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. जनरल टाउनशेंड तिला तैग्रीसच्या काठाकाठानं बगदादच्या दिशेनं घेऊन निघाला. नोव्हेंबर १९१५ मध्ये सलमान पाकजवळ तुर्कांनी तिला अडवलं. एवढी माणसं पडली की मागं फिरण्यावाचून इलाज उरला नाही. फौज कूत-अल-अमारा या नदीच्या वळणावरच्या गावात शिरली आणि ७ डिसेंबरपासून वेढ्यात अडकली.

वेढा जवळजवळ पाच महिने चालला. दाणागोटा संपत आला तशी घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्लं, देशी शिपायांतल्या बहुतेकांनी कित्येक आठवडे ते नाकारलं. धर्माचा प्रश्न होताच, पण त्याहून मोठी धास्ती गावाची होती. परत गेल्यावर जातीत घेतील का, मुलीला स्थळ येईल का? शेवटी हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीच्या तारा मागवाव्या लागल्या. तोवर स्कर्व्हीनं हिरड्या सुजून माणसं खाटेला लागली होती. अखेरीस माणशी जेमतेम चार औंस पीठ मिळे. त्यात दिवसाला एक भाकरी होते, तीही लहान. विमानांतून पिठाची पोती टाकून पाहिली, त्यांतली काही नदीत पडली, काही तुर्कांच्या हद्दीत. सुटकेसाठी खालून आलेल्या फौजेची सुमारे २३ हजार माणसं मेली वा जखमी झाली. २९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं.

टाउनशेंडसाहेबांची रवानगी इस्तंबूलजवळच्या बेटावर, बंगल्यात झाली. शिपायांना वाळवंटातून चालवत उत्तरेकडं नेलं. वाटेत मागं पडला तो गेला. जे पोचले त्यांतल्या अनेकांना रास-अल-ऐनच्या बाजूला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. जनरलचं आत्मकथन छापून निघालं, हे ओघानंच आलं.

या कैदेचं एक आतलं चित्र आपल्याकडं आहे, पण ते बंगालीत. बंगाल अॅम्ब्युलन्स कोअरमधला शिशिर सर्वाधिकारी हा तरुण कूतमध्ये होता. पकडल्यावर त्यानं डायरीची पानं फाडून बुटांत दडवली, पुढं ती पुन्हा उतरवली आणि त्यातून पुस्तक झालं. मराठा शिपायाला बहुधा लिहिता-वाचता येत नसे. पत्र लिहायचं तर दुसऱ्याच्या हातून, आणि मग साहेबाच्या नजरेखालून. त्यामुळं त्याची आठवण राखण्याचं काम दुसऱ्या कुणीतरी करायला हवं होतं.

ज्यांनी ते अंगावर घेतलं, त्यांनी काय केलं? १९२९ मध्ये बसऱ्याला स्मारक उभं राहिलं. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्या ४० हजारांहून अधिक लोकांचं ते स्मारक. गोऱ्या शिपायाचं नाव तिथं कोरलं, हिंदी अधिकाऱ्याचंही कोरलं. साध्या हिंदी शिपायाला मात्र पलटणीच्या नावाखाली आकड्यात बसवलं. खर्चाचं, जागेचं कारण कुणी पुढं करील तर त्याला फ्रान्समधलं न्यूव्ह-शापेल दाखवावं. त्याच फौजेतल्या ४,७०० हून अधिक हिंदी लोकांची नावं तिथं १९२७ मध्येच कोरली गेली होती. तिथं युरोप बघत होता; बसऱ्याला कोण बघणार? एवढं लांब कशाला, मुंबईत मस्जिद बंदरच्या सेलर्स होममध्ये समुद्रात बुडालेल्या खलाशांची नावं ब्राँझच्या पत्र्यांवर आहेत. पहिल्या युद्धातल्याच दोन हजारांवर. म्हणजे मनात आलं की जमत होतं.

हा भेदभाव होता, हे राष्ट्रकुल युद्धकबर आयोगानं २०२१ मध्ये अहवाल काढून कबूल केलं आणि माफी मागितली. बसऱ्याचं स्मारक तोवर जागेवरूनही हललं होतं. सद्दामच्या हुकमानं १९९७ मध्ये ते नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर आत नेऊन बसवलं.

भिंतीवर नसलेली नावं वहीत मात्र होती. आयोगाच्या नोंदींत ती आज घरबसल्या शोधता येतात. पलटण टाकली की यादी उघडते, आणि कित्येक नावांपुढं बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हाही मिळतो. गावांची स्पेलिंगं साहेबी कारकुनानं ऐकली तशी ठोकली आहेत. खेड की खेर्डी, हे पुण्यामुंबईच्या अभ्यासकाला उमगेलच असं नाही, त्या तालुक्यातल्या माणसाला लगेच कळतं. आडनावंही बऱ्याचदा अशीच मोडलेली, पण भावकीला ओळखू येतील इतपत शाबूत. पाटीवरचा आकडा एक-दोन वा पाच-सहाचा असेल, तर गावच्या शाळेतल्या आठवी-नववीच्या पोरांना मास्तरांच्या मदतीनं ही नावं एखाद्या शनिवारी दुपारी हुडकता येतील.