होय, मी अर्धवट गाडी विकली!

मंडळी, गेल्या गणेशोत्सवात महाप्रसादाच्या रांगेत एका ज्येष्ठ स्नेह्यांनी सगळ्यांदेखत मला विचारले, "काय हो, पंधरा वर्षे खपलात आणि शेवटी अर्धवटच गाडी विकलीत? अगदीच आरंभशूर निघालात!" हातात मसालेभाताचे ताट होते म्हणून हसून वेळ मारून नेली. उत्तर मात्र मनात राहिले. ते आज देतो.

गाडी होती १९६४ सालची फियाट ११०० डी. आपल्या पिढीला हिची ओळख करून द्यायला नको. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात हीच गाडी 'डिलाइट' नावाने बनवली आणि १९७०च्या दशकात तिचीच 'पद्मिनी' झाली. बाबांनी नंबर लावून, काही वर्षे वाट पाहून पुण्यात घेतली ती पद्मिनी. म्हणूनच २००९ साली आइंडहोवनजवळ एका गोठ्यात हिची इटालियन थोरली बहीण दिसली, तेव्हा मी २,२०० युरो मोजले आणि बाबांना फोन केला, "तुम्ही इकडे आलात की तुम्हाला हिच्यातून फिरवतो!"

पहिल्या उन्हाळ्यात सगळी गाडी खोलली. खोलणे सोपे असते. तळाचा पत्रा कुजला होता, दाराखालच्या कडा नुसत्या लांबीवर तगून होत्या. वेल्डिंग शिकलो, निम्मा तळ नवा घातला, वर प्रायमर मारला. मग नोकरी बदलली, मुलांच्या शाळा आल्या. दर रविवारी बाबा फोनवर विचारत, "चालू झाली का रे?" आणि मी म्हणे, "पुढच्या उन्हाळ्यात." २०१९ मध्ये बाबा गेले. पुढचा उन्हाळा काही आला नाही.

मग ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली. ती बातमी वाचून मी कितीतरी महिन्यांनी गॅरेजचे दार उघडले. मीच घातलेला नवा पत्रा गंजला होता! नुसता प्रायमर ओल शोषून घेतो, त्यावर रंग चढलाच पाहिजे, हे मला ठाऊक होते. ब्रेकचे सिलिंडर आखडले होते. जॅमच्या अकरा बरण्यांत नटबोल्ट होते, आणि कोणत्या बरणीतले कुठले, हे सांगणारी चिठ्ठी एकाही बरणीवर नव्हती.

तेव्हा लख्ख कळले की अर्धवट काम जिथे थांबवले तिथे थांबत नाही, ते मागे जाते. २००९ साली मी एक जुनी पण पुरी गाडी घेतली होती. २०२३ साली माझ्याकडे एक सांगाडा आणि अकरा बरण्या होत्या. पंधरा वर्षांत त्या गाडीचे सर्वांत मोठे नुकसान कोणी केले असेल तर ते मी, आणि तेही प्रेमाने!

शाळेत आपण सर्वांनी भर्तृहरीचे सुभाषित पाठ केले आहे. विघ्नांच्या भयाने आरंभच न करणारे ते नीच, विघ्न येताच मध्येच सोडणारे ते मध्यम, आणि पुनःपुन्हा विघ्ने आली तरी न सोडणारे ते उत्तम. माझे स्नेही मला मध्यमांत बसवतात. पण भर्तृहरीने एक चौथा प्रकार सांगितलाच नाही. तो काम पुरे करत नाही आणि दुसऱ्यालाही करू देत नाही. घोंगडे भिजत ठेवतो आणि त्यालाच निष्ठा म्हणतो. मी पंधरा वर्षे त्या चौथ्या वर्गात होतो. मध्यमांत आलो, ही माझी बढतीच समजा.

"पण घातलेले पैसे?" दुसरा आक्षेप. सुट्या भागांवर आणि गॅरेजच्या भाड्यावर नऊ हजारांहून अधिक युरो गेले. गाडी १,८०० ला विकली. घेणारा गाडीची किंमत देतो, आपल्या शनिवारांची नव्हे. खर्चाची बेरीज मांडून भाव सांगणाऱ्यांच्या गाड्या वर्षानुवर्षे गॅरेजातच राहतात.

"कोणी भाग काढून विकले तर?" विकू देत. तिच्या दारांनी आणि काचांनी आणखी दोन फियाट रस्त्यावर आल्या, तर ते ओलीत कुजण्यापेक्षा नक्कीच बरे.

मात्र विकायचे तर सचोटीने विकावे. "थोडेसेच काम बाकी" हे जाहिरातीतले सर्वांत खोटे वाक्य आहे. मी दोन शनिवार-रविवार बसून बरण्यांवर चिठ्ठ्या लावल्या. जे ओळखू आले नाही त्यावर 'माहीत नाही' लिहिले. गंजाचे फोटो आधी दाखवले, चकचकीत बंपरचे नंतर. आरडीडब्ल्यूकडे गाडीची नोंद 'स्खोर्सिंग'मध्ये, म्हणजे तहकूब ठेवली होती, तेही सांगितले. नोंद त्यांच्या नावावर चढून 'व्रायवारिंग'चा, म्हणजे आपली जबाबदारी संपल्याचा, कागद हाती आल्यावरच गाडी ट्रेलरवर चढू दिली. एकाने तीनशे युरो जास्त देऊ केले होते. पण मी दिली एका निवृत्त वेल्डरला. त्यांच्याकडे कोरडी शेड होती आणि सकाळ मोकळी होती. माझ्याकडे दोन्ही नव्हते.

राहिली भावना. बाबांच्या पद्मिनीची किल्ली अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. ती या फियाटला कधी लागतच नव्हती! बाबांना दिलेला शब्द मी मोडला तो २०१९ पूर्वीच, गाडी विकली त्या दिवशी नव्हे. हे मान्य करायला मला पाच वर्षे लागली.

इथली डच मुले राजाच्या वाढदिवशी, २७ एप्रिलला, फुटपाथवर चादर अंथरून आपली जुनी खेळणी विकतात. त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. आपल्या मात्र माळ्यावर न वाजणारी पेटी असते, गावी बंद घर असते, गॅरेजात अर्धी उघडलेली गाडी असते, आणि विचारले की आपण म्हणतो, "बघू, निवृत्तीनंतर."

तेव्हा मंडळी, पुढच्या गणपतीपूर्वी एकदा गॅरेजचे दार उघडा. एका वर्षात काम पुरे होणार असेल तर जरूर करा, नारळ फोडायला मी येतो. होणार नसेल तर बरण्यांवर चिठ्ठ्या लावायला घ्या. त्यालाही येतो.